बीपीचं मशीन उत्तम, ॲप मात्र आगाऊ

दवाखान्यात बाबांचं बीपी कायम चढलेलं निघायचं. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवण्याआधी आठवडाभर घरी मोजून आणा, डॉक्टर समोर दिसला की बीपी चढणारे पुष्कळ असतात. म्हणून हे ब्लूटूथवालं मशीन घेतलं.

दंडावर बांधायचं आहे, मनगटावरचं नाही. दंडावरचंच घ्यावं. आकडे ठसठशीत, बटण एकच, बाबा स्वतः बांधून घेतात. पण सोबतचा पट्टा त्यांच्या दंडाला तोकडा पडला आणि तोकडा पट्टा बीपी वाढवूनच दाखवतो. दंडाचा घेर किती चालतो हे खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात! मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला.

पाऱ्याच्या यंत्रावर डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात. कोरोत्कॉफ या रशियन डॉक्टरची ही पद्धत १९०५ सालची. इथे कान नाहीत. पट्ट्यातली हवा सुटताना धमनीचे हेलकावे टिपून मशीन हिशोब मांडतं. त्यामुळे ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांनी या आकड्यावर विसंबण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं, हात छातीच्या पातळीत ठेवावा. गप्प बसणं बाबांना जमत नाही. पट्टा फुगत असताना त्यांची राजकारणावर टिप्पणी चालू, आणि वरचा आकडा लगेच उडी मारतो.

ॲपचं काय सांगू? जरा आकडा वाढला की पडदा लालभडक. बाबा घाबरून परत मोजणार, घाबरल्यामुळे परत लाल. शेवटी सूचनाच बंद केल्या. बीपी मोजायला याला माझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत, तेही कळलं नाही.

ॲपमधली कामाची गोष्ट म्हणजे सगळ्या आकड्यांची पीडीएफ. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी बघितली. दवाखान्यातली मर्यादा १४०/९०, घरच्या मोजमापाला १३५/८५. बाबा त्याच्या खाली होते. गोळी वाढली नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, सकाळी मोजता ते गोळीच्या आधी की नंतर? आणि वाकून घोट्याला सूज आहे का ते दाबून पाहिलं. ॲपमध्ये यातलं काहीच विचारायची सोय नाही.

मशीनला चार तारे, ॲपला दोन. घेणार असाल तर आधी टेपने दंड मोजा.