पिशवीतली जुनी बेअरिंग माझ्या गाडीची नव्हतीच

डिफरन्शियल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) खोलून नवीन बेअरिंग टाकून घेतली, त्याला चार महिनेही झाले नव्हते तोच मागून पुन्हा हूं-हूं सुरू झाली. आधीची घरघर गाडी जोर घेताना यायची, ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की यायची. ज्याने काम केलं होतं तो फोनवर म्हणाला, "नवीन बेअरिंग आहेत साहेब, बसायला वेळ लागतो." मी ऐकून घेतलं आणि तशीच गाडी चालवली. हा माझा दुसरा मूर्खपणा.

पहिला मूर्खपणा गाडी ताब्यात घेतानाच झाला होता. त्याने जुनी बेअरिंग पिशवीत घालून हातात दिली आणि मोबाइलवर क्राऊनच्या, म्हणजे आतल्या मोठ्या गोल गिअरच्या, दातांवर पिवळा रंग लावलेला फोटो दाखवला. "बघा, दाताच्या बरोबर मधोमध पॅटर्न." म्हणजे दाताला दात लागून रंगात उमटलेला ठसा. जुने पार्ट परत देणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. ऑइल काढलं तर त्यात चंदेरी चुरा. त्याने डायल गेजची (बारीक हालचाल मोजायच्या यंत्राची) सुई क्राऊनच्या दाताला टेकवली, पिनियन (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) धरून ठेवला आणि क्राऊन मागेपुढे हलवला. चार ठिकाणी चार आकडे: ०.२८, ०.३३, ०.४१, ०.३६. बऱ्याच गाड्यांत हा बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास लागतो, आणि जागोजागचा फरक ०.०५ च्या वर जाऊ नये. क्राऊन काढल्यावर कारण दिसलं. बसायच्या जागेवर मळ तसाच होता, त्याच्यावरच बोल्ट आवळलेले.

खरी लबाडी पिनियनमध्ये होती. क्राऊन बाहेर काढून त्याने काट्याचा टॉर्क पाना पिनियनच्या नटाला लावला आणि सावकाश फिरवला. काटा जागचा हललाच नाही. नवीन बेअरिंगला फिरवताना साधारण २ ते ३ न्यूटन-मीटर जोर लागायला हवा, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. फ्लँज (पिनियनच्या बाहेरच्या टोकाची चकती) धरून ओढला तर चक्क टकटक वाजत होता.

पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मध्ये क्रश स्लीव्ह नावाची नळी असते. नट आवळत गेलं की ती चेपते आणि प्रीलोड येतो, म्हणजे बेअरिंग दाबात बसतात आणि फिरवायला तो जोर लागतो. चेपायला जबर जोर लागतो, पण एकदा चेपली की मूळ लांबीवर परत येत नाही. जरा जास्त आवळलं गेलं तर नवी स्लीव्ह टाकून पुन्हा पहिल्यापासून, दुसरा इलाज नाही. या पठ्ठ्याने जुनीच स्लीव्ह ठेवली आणि नट जास्त आवळलं गेल्यावर सरळ अर्धा फेरा सैल केलं, असा मिस्त्रीचा अंदाज. मला तो पटला, कारण पिनियनची बेअरिंगही जुनीच निघाली. ती काढायला प्रेस लागतो. नवी फक्त बाजूची दोन होती, कव्हर उघडलं की दिसतात ती.

मग पिशवीतली बेअरिंग? घरी ठेवलेली पिशवी नेऊन दाखवली. मिस्त्रीने त्यातलं एक पिनियनच्या दांड्यावर सरकवलं, तर बांगडीसारखं गरगर फिरलं. फोटोही तसाच. त्यातल्या क्राऊनला बोल्ट दहा, माझ्या क्राऊनला आठ. मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

भांडायला गेलो तेव्हा त्याने बिलाकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'डिफरन्शियल ओव्हरहॉल'. बेअरिंगचे नंबर नाहीत, स्लीव्हचा उल्लेख नाही, एक आकडा नाही. मी काय सिद्ध करणार?

चुकीच्या जागी घासून दात खराब झाले होते, त्यामुळे क्राऊन-पिनियनची जोडीही बदलावी लागली. या वेळी कव्हर लावायच्या आधी समोर उभा राहिलो. क्राऊन आणि अ‍ॅक्सल बसवायच्या आधी पिनियनचा टॉर्क मोजून घेतला, कारण नंतर मोजला तर त्यांचाही जोर त्यात मिसळतो. मग बॅकलॅश चार ठिकाणी. रंगाच्या पॅटर्नचा फोटो मी माझ्याच फोनवर काढला, शेजारी गाडीची नंबरप्लेट धरून. मिस्त्री हसला, पण बिलावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: प्रीलोड २.३, बॅकलॅश ०.१७, ०.१८, ०.१७, ०.१९.