नेत्याचं मन वाचायचं कसं : चरित्रातून की शब्दांतून?

भाचीला एम.ए.च्या प्रबंधासाठी एका नेत्याचं व्यक्तिमत्त्व तपासायचंय. विचारते, "मामा, बालपणापासून खणू की मुलाखती मोजू?"

खणण्याचा नमुना म्हणजे मनोविश्लेषक वॉल्टर लँगर. 1943 मध्ये त्यांनी अमेरिकी गुप्तचर खात्यासाठी हिटलरचा अभ्यास केला, त्याच्या ओळखीच्या माणसांशी बोलून. शेवट आत्महत्येत होण्याची शक्यता त्यांनी सर्वाधिक धरली होती. पण तसा ऐवज तुला कुठून मिळणार? शिवाय घसरायला वेळ लागत नाही. 1964 मध्ये एका मासिकाने अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांच्याबद्दल मत विचारलं, तर 1,189 मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना न तपासताच अपात्र ठरवलं!

मोजणीची पद्धत राजकीय मानसशास्त्राच्या अभ्यासक मार्गारेट हरमन यांची. भाषणं शक्यतो नकोत, ती लिहून देणारे वेगळे असतात. उत्स्फूर्त उत्तरं घ्यायची, निदान पन्नास. 'कदाचित', 'उदाहरणार्थ' जास्त आले तर विचारात गुंतागुंत. 'निःसंशय', 'नक्कीच' आले की काळं-पांढरं. काम कंटाळवाणं, पण दुसऱ्याला पडताळता येतं. 'असा का झाला?' हे मात्र त्यातून कळत नाही.

नेता हयात असेल आणि हाती सहा महिनेच असतील तर मोजणी. दिवंगत असेल, पत्रं-डायऱ्या उपलब्ध असतील, तर खुशाल खण.