द्वारकेच्या कोंडीसाठी कोणती डीसीटी: कोरड्या क्लचची की वेट क्लचची?

डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, गाडी घ्यायची ठरलं असेल तर शोरूममध्ये मायलेजच्या आधी एक विचारा: क्लच कोरडा आहे की तेलातला, म्हणजे वेट?

मूळ रचना दोन्हींत सारखीच. एका क्लचवर १-३-५-७ हे गिअर, दुसऱ्यावर २-४-६. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावलेला असतो, म्हणून तो एवढा झटकन बदलतो. फरक पडतो तो क्लच तापल्यावर. कोरडी प्लेट हवेवरच निवते. वेट क्लचमध्ये ती उष्णता तेल वाहून नेतं.

हायवेवर याचं काही वाटत नाही, कारण क्लच घट्ट बसलेला असतो. नाशिकच्या द्वारका चौकात मात्र संध्याकाळी गाडी दोन हात पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. साध्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा, तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर इथे नसल्यामुळे हे सगळं रांगणं हाफ क्लचवर चालतं. माझ्या चुलतभावाची कोरड्या क्लचची गाडी सप्तशृंगी गडाच्या घाटात रांगेत सापडली. तो चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरत होता. आधी जळका वास आला, मग डॅशबोर्डवर इशारा. वहिनी आणि मुलं अर्धा तास कडेला उभी होती. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगतो: चढावर थांबलात की पाय ब्रेकवरच ठेवा.

कोरड्याचा फायदाही खरा आहे. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या डीक्यू२०० गिअरबॉक्समध्ये १.७ लिटर तेल लागतं, सहा गिअरच्या वेट डीक्यू२५० मध्ये ६.५ लिटर. क्लच तेलात फिरत नाही, म्हणून इंधन थोडं वाचतं. मात्र डीक्यू२०० ची टॉर्क (इंजिनाचा पीळ) पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, डीक्यू२५० ची ३५०. वेट क्लचचं तेल ठरल्या वेळी बदलावं लागतं, तो खर्च धरूनच चला.

व्हर्टस, स्लाव्हिया यांची १.५ टीएसआय इंजिनाची डीसीटी आणि क्रेटा टर्बो कोरड्या क्लचच्या. नेक्सॉनची डीसीए (टाटांचं डीसीटीला दिलेलं नाव) वेट. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाने इगतपुरीहून कसारा घाट टाळून मुंबईकडे जाता येतं. तुमचं बरंचसं फिरणं तसं असेल तर कोरडी बिनधास्त घ्या. रोज नाशिकरोड ते सीबीएस असं शहरातल्या कोंडीतलं असेल, तर मी वेटच घेईन. टेस्ट ड्राइव्ह मात्र दुपारी गंगापूर रोडला नको, संध्याकाळी सहानंतर द्वारका ते मुंबई नाका मागा.