इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमधला भात: दोन वर्षांच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरी आणला, तेव्हा त्यात सर्वांत आधी भात लावला आणि तो पूर्ण बिघडला. झाकण उघडले तर शिते फुटून एकमेकांत मिसळलेली, बुडाशी पांढरी चिकट साय धरलेली आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही पेजेचे ओघळ सुकलेले होते. तांदूळ नेहमीचाच होता, धुतलाही नीट होता. चूक एवढीच होती, की उघड्या पातेल्यात भात करताना हाताला जी पाण्याची सवय झालेली असते, म्हणजे एका वाटीला दोन वाट्या, तीच मी इथे जशीच्या तशी वापरली. त्यानंतरच्या दोन वर्षांत या ६ लिटरच्या कुकरमध्ये पांढरा, बासमती, ब्राऊन असा नाना प्रकारचा भात शेकडो वेळा शिजवला. आज या यंत्राविषयी माझे मत चांगले आहे. मात्र ते ज्या कारणासाठी चांगले आहे, ते कारण जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही.

आधी हे यंत्र काय करते आणि काय करत नाही, ते समजून घ्यायला हवे. जपानमध्ये १९५५ साली बाजारात आलेल्या स्वयंचलित राइस कुकरला भात झाल्याचे कळते, कारण भांड्यात मोकळे पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपास थांबते आणि पाणी तांदळाने शोषून घेतले, की ते चढू लागते. त्या चढण्यावर राइस कुकर बंद होतो. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरला ही जाण नसते. आतला दाब ठरलेल्या पातळीला पोहोचला, की तो मिनिटे मोजू लागतो आणि मिनिटे संपली, की थांबतो. पाणी उरले आहे की आटले आहे, तांदूळ नवा आहे की जुना, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे भाताचा सगळा निकाल झाकण लावण्यापूर्वी आपण घातलेल्या पाण्यावर लागतो. एकदा झाकण बसले, की डोकावून बघणे, थोडे पाणी शिंपडणे, एक शीत बोटांनी दाबून पाहणे, यांपैकी काहीच करता येत नाही.

म्हणून पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. उघड्या पातेल्यात आपण घालतो त्या पाण्यातला मोठा भाग तांदूळ पितच नाही. तो वाफ होऊन जातो. तांदळाला स्वतःला साधारण आपल्या मापाइतकेच पाणी लागते. बंद कुकरमध्ये वाफेची गळती फक्त सुरुवातीला, झाकणावरची दाबाची खीळ वर उचलली जाईपर्यंत होते, आणि तीही अगदी थोडी. म्हणून धुऊन निथळलेल्या एक वाटी पांढऱ्या तांदळाला एक वाटी पाणी हे माप बरोबर बसते. मऊ भात आवडत असेल, तर त्यावर दोन-तीन मोठे चमचे घालावेत, अधिक नको. हे वरचे चमचे तांदळाच्या पटीत वाढवायचे नसतात, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. तीन वाट्या तांदूळ लावला, तरी गळती जवळपास तेवढीच होते, त्यामुळे तिच्यासाठीचे जास्तीचे पाणीही तेवढेच राहते. मोठ्या प्रमाणात केलेला भात आसट होतो आणि थोडा केलेला मोकळा होतो, ही तक्रार ज्यांची आहे, त्यांनी आधी इथे पाहावे.

दुसरी गफलत धुण्यात होते. मी एकदा २०० ग्रॅम तांदूळ धुऊन, चाळणीत पाच मिनिटे निथळून पुन्हा काट्यावर ठेवला, तर तो सुमारे २३५ ग्रॅम भरला. म्हणजे आपण मोजलेल्या पाण्याखेरीज जवळजवळ अडीच मोठे चमचे पाणी दाण्यांना चिकटून भांड्यात जाते. न निथळता घातला, तर आणखी जाते. भिजवलेल्या तांदळाने तर बरेचसे पाणी आधीच प्यायलेले असते. तेव्हापासून मी भांडेच काट्यावर ठेवते आणि २०० ग्रॅम कोरड्या तांदळामागे, धुताना चिकटलेले धरून, एकूण पाणी २५० ग्रॅम होईल एवढेच घालते. यात अर्धे मिनिट जादा जाते, पण भात रोज एकसारखा होतो. धुणे मात्र टाळू नये. दाण्यांवरचे पिठूळ स्टार्च निघाले नाही, तर तेच फेस होऊन वर चढते आणि वाफेच्या झडपेपर्यंत पोहोचते. याच कारणासाठी भांडे निम्म्याहून जास्त भरायचे नसते.

पांढऱ्या तांदळाला पूर्ण दाबावर ४ मिनिटे पुरतात. त्यानंतर १० मिनिटे कुकरला हात लावू नये. उरलेली वाफ मग सोडावी. ही १० मिनिटे शिजण्याचाच भाग आहेत. या यंत्रांचा पूर्ण दाब बहुधा ७० ते ८० किलोपास्कल असतो, त्यामुळे आतले पाणी ११५ अंशांच्या पुढे जाते. झडप एकदम उघडली, की दाब कोसळतो आणि तेच अतितप्त पाणी दाण्याच्या आतही खळखळून उकळते. परिणामी शिते चिरतात आणि झडपेतून पांढरा फेस उडतो. घाईच्या एका सकाळी मी तसे केले होते. ओट्यामागची भिंत पुसावी लागली, आणि भात बाहेरून फुटलेला पण गाभ्याला कणी राहिलेला असा निघाला. दाब सावकाश उतरू दिला, की दाण्यांमधला ओलावा सारखा पसरतो, आणि झाकण काढल्यावर भात उलथन्याने हलक्या हाताने मोकळा केला तर शीत न् शीत सुटे होते.

आता वेळेचा हिशेब. ४ मिनिटांत भात, असे जे सांगितले जाते, ते अपुरे आहे. दाब धरायला ८-१० मिनिटे, शिजायला ४ आणि मुरायला १० असे धरले, तर साधारण २५ मिनिटे लागतात. गॅसवर झाकण ठेवून केलेला पांढरा भातही जवळपास एवढ्याच वेळात होतो. त्यामुळे केवळ रोजच्या पांढऱ्या भातासाठी, तोही वेळ वाचवण्याच्या आशेने, कोणी हे यंत्र घेणार असेल, तर मी घेऊ नका असेच सांगेन. त्या कामाला साधा राइस कुकर पुरेसा आहे आणि पाण्याच्या चुका तो अधिक सोसतो. इलेक्ट्रिक कुकर देतो ती उसंत. बटण दाबल्यावर उतू जाण्याची, बुडाला लागण्याची किंवा गॅस बारीक करायला धावण्याची काळजी राहत नाही. बासमतीच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी नाही. तो चांगला होतो, पण भरपूर पाण्यात उकळून निथळलेल्या बासमतीचा लांबसडक फडफडीतपणा या बंद भांड्यात येत नाही. २० मिनिटे भिजवून, पाणी पाऊण वाटीवर आणून आणि वेळ ३ मिनिटांवर ठेवून तो बराच जवळ येतो, एवढेच.

हे यंत्र खरे कशासाठी घ्यावे, तर ब्राऊन तांदळासाठी. ज्याचे फक्त टरफल काढले आहे आणि कोंड्याचा थर शाबूत आहे, असा तांदूळ उघड्या पातेल्यात ४०-५० मिनिटे घेतो, आणि त्या वेळात वरची शिते कडक तर खालची चिकट अशी त्याची गत होते. कोंडा पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून तो हट्टी. दाबाखालच्या वाढलेल्या तापमानात हा अडसर लवकर सैल होतो. २२ मिनिटे पूर्ण दाब, १० मिनिटे मुरवणे आणि पाणी एकाला एक, किंवा जेमतेम सव्वा. ब्राऊन तांदळाला दुप्पट-अडीचपट पाणी लागते हा समज मीही बाळगून होते. प्रत्यक्षात त्याला पाणी फारसे अधिक लागत नाही, वेळ अधिक लागतो; उघड्या भांड्यात वेळ वाढला, की वाफही वाढते, म्हणून पाणी जास्त घालावे लागते. पहिल्यांदा हे माप धरून केलेला भात मी चमच्यावर घेऊन निरखून पाहिला. दाण्याचा तपकिरी पापुद्रा एका बाजूने किंचित उकललेला, आतला भाग मऊ आणि चावताना कोंड्याचा हलका कुरकुरीतपणा शिल्लक. आधी हा तांदूळ आमच्याकडे डब्यात पडून राहायचा, आता आठवड्यातून तीनदा शिजतो.

दोष आहेत, आणि ते आधी माहीत असलेले बरे. बहुतेक यंत्रांवरचे भाताचे बटण पांढऱ्या तांदळासाठीच बांधलेले असते. ब्राऊनसाठी ते दाबले तर कच्चा भात मिळतो. मी ते बटण वापरतच नाही, वेळ हाताने लावते. मोठ्या कुकरमध्ये एकच वाटी तांदूळ लावला, तर तळाशी त्याचा इतका पातळ थर होतो, की तो सुकून चिकटतो. तेव्हा खाली एक पेला पाणी, वर तिवई आणि तिच्यावर छोट्या भांड्यात तांदूळ आणि त्याचे मोजलेले पाणी, अशी रचना करावी आणि दोन मिनिटे वाढवावीत. दोन माणसांच्या घराला ३ लिटरचाच आकार योग्य आहे. भात गरम ठेवण्याची सोय कामाची आहे, पण दोन-तीन तासांनी बुडाचा थर वाळू लागतो. ती बंद करून भात तसाच तासन्‌तास भांड्यात कोमट ठेवणे मात्र धोक्याचे, कारण शिजवूनही टिकणारे बॅसिलस सिरीयस या जिवाणूचे बीजाणू अशाच ऊबेत रुजतात आणि जिवाणू वाढतात. उरलेला भात पसरट ताटलीत निववून लवकर फ्रिजमध्ये ठेवावा.

सर्वांत त्रासदायक आहे ती झाकणातली सिलिकॉनची रिंग. ती वास धरते. आदल्या दिवशीच्या मसालेदार रश्श्याचा वास दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भाताला आला, तेव्हा आधी मला तांदूळच खराब वाटला. साबणाने, लिंबाने, उन्हात ठेवून, सगळे करून पाहिले. वास कमी होतो, जात नाही. शेवटी दुसरी रिंग घेतली आणि तिच्यावर शाईने खूण करून ती फक्त भातासाठी ठेवली. भात झाला, की ती काढून धुते, आणि कोरडी होईपर्यंत झाकण बंद न करता भांड्यावर उलटे ठेवते.