ॲसबेस्टॉस भिजवण्याच्या द्रवाच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या कारखान्यातील जुन्या वाफेच्या नळ्यांवरचे ॲसबेस्टॉसचे लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारा जाड थर, काढण्याचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडे दिलेले होते. ते लॅगिंग भिजवण्यासाठी लागणारा द्रव मात्र व्यवस्थापनाने एका स्वतंत्र विक्रेत्याकडून परस्पर खरेदी केला. त्या विक्रेत्याने आमची जी फसवणूक केली ती इतक्या सोप्या रीतीने केली, की असे काम काढू पाहणाऱ्या कोणाचीही तशीच होऊ शकेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लॅगिंग कोरडे तोडले तर त्यातील तंतू हवेत उडतात. त्यांतले जे तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात ते श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, आणि मेसोथेलिओमासारखा कर्करोग त्यानंतर साधारण 20 ते 50 वर्षांनी प्रकट होतो. म्हणजे द्रव खोटा निघाला तरी काम करणाऱ्या माणसाला त्या दिवशी खोकलासुद्धा येत नाही, आणि विकणाऱ्याला नेमके हेच सोयीचे असते. साधे पाणी या कामाला पुरत नाही, कारण त्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर इतका असतो आणि ते लॅगिंगच्या पृष्ठभागावरून ओघळून जाते. पाण्यात योग्य सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ, मिसळला की हा ताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी आत झिरपू लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनात यासाठी पॉलिऑक्सिएथिलीन एस्टर आणि पॉलिऑक्सिएथिलीन ईथर यांचे समसमान मिश्रण सुचवलेले असून, त्याचे प्रमाण पाच गॅलन पाण्याला एक औंस, म्हणजे सुमारे 19 लिटरला 30 मिलिलिटर, इतके अल्प आहे. फसवणुकीला वाव मिळतो तो याच अल्प प्रमाणामुळे.

विक्रेत्याने प्रात्यक्षिक फार सफाईने केले. दोन काचपात्रांपैकी एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात आपला द्रव घालून त्याने दोन्हींत सुती पट्टीचा एकेक तुकडा सोडला. पाण्यातला तुकडा तरंगत राहिला आणि द्रवातला बघता बघता तळाशी गेला. हे प्रात्यक्षिक खोटे नव्हते. परंतु सुती पट्टी बुडाली म्हणून ॲसबेस्टॉसचा प्रत्येक प्रकार भिजेल असे मुळीच नाही. क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे ॲसबेस्टॉस, पाणी तुलनेने सहज धरते. अमोसाइट, म्हणजे तपकिरी ॲसबेस्टॉस, पाण्याला दूर ठेवते आणि नेहमीच्या सर्फॅक्टंटलाही फारशी दाद देत नाही. आमच्या लॅगिंगच्या तपासणी अहवालात अमोसाइट असल्याचे स्पष्ट नमूद होते, तो अहवाल विक्रेत्याला पाठवलेला होता, आणि ‘आमचा द्रव सर्व प्रकारांवर चालतो’ असे त्याचे लेखी उत्तरही आले होते.

प्रत्यक्षात आलेल्या पिंपांतला द्रव गडद निळा, सुगंधी आणि मधासारखा दाट होता. दाटपणामुळे तो अर्क असल्याचा भास होई. कंत्राटदाराच्या माणसांनी विक्रेत्याने सांगितलेल्या प्रमाणात तो पाण्यात मिसळला, लॅगिंगमध्ये सुया खोचून कमी दाबाने आत सोडला आणि पुरेसा वेळ मुरू दिला. बाहेरून कापडी वेष्टन ओलेचिंब दिसत होते, खाली ठिबकतही होते. बंदिस्त कक्षाच्या पारदर्शक खिडकीतून मी पाहत असताना पर्यवेक्षकाने नळीच्या एका वळणाजवळचा तुकडा कापून आमच्याकडे वळवून धरला: कडेला बोटभर ओल आणि नळीच्या बाजूला पूर्ण कोरडा, फिकट तपकिरी, भुसभुशीत गाभा. नीट भिजलेले लॅगिंग मळलेल्या कणकेसारखे असायला हवे. त्याहून कोरडे असले तर धूळ उडते आणि फार पातळ झाले तर तंतू गाळाबरोबर जमिनीवर पसरतात. पर्यवेक्षकाने काम तिथेच थांबवले. हा निर्णय घेणारा माणूस कंत्राटदाराचा होता, माल पुरवणाऱ्याचा नव्हता, हे आमचे नशीब म्हणायचे.

पिंपातला नमुना आणि प्रात्यक्षिकाच्या बाटलीत उरलेला द्रव असे दोन्ही प्रयोगशाळेत पाठवले. बाटलीतला द्रव खरोखरच सर्फॅक्टंटचा अर्क होता. पिंपात तोच अर्क अगोदरच भरपूर पाणी घालून पातळ केलेला होता, आणि ते लपवण्यासाठी त्यात रंग, सुगंध व घट्टपणा आणणारा पदार्थ मिसळलेला होता. अगोदरच पातळ केलेला द्रव आम्ही पुन्हा शेकडो पट पाण्यात मिसळल्यावर त्यात सर्फॅक्टंट नावापुरताच उरला आणि पृष्ठताण जवळजवळ साध्या पाण्याइतकाच भरला. म्हणून तपासणीचा नमुना प्रात्यक्षिकाच्या बाटलीतून कधीही घेऊ नये. आलेल्या मालातील कोणतेही पिंप आपण निवडावे, सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळून झालेल्या द्रवाचाच पृष्ठताण मोजून घ्यावा, आणि त्यानंतरही लॅगिंगचा पहिला तुकडा आतपर्यंत भिजला आहे की नाही हे पाहिल्याखेरीज पुढचे काम सुरू होऊ देऊ नये.

कागदपत्रांतही गोम होती. सुरक्षा माहितीपत्रकात एकूण 16 विभाग असतात आणि त्यातला तिसरा घटकांचा, तर नववा भौतिक गुणधर्मांचा असतो; आम्हाला मिळालेल्या पत्रकात नेमके हेच दोन विभाग ‘व्यापारी गुपित’ एवढ्या शब्दांवर भागवलेले होते. एखाद्या घटकाचे नेमके नाव गुप्त ठेवणे समजू शकते, पण द्रवाची घनता आणि आम्लता लपवण्यात कसले गुपित? पिंपावरच्या लेबलावर तर ‘ॲसबेस्टॉस निष्क्रिय करतो, कचरा साधा होतो’ असाही दावा होता. क्रायसोटाइल तीव्र आम्लात विघटित होते हे खरे, अमोसाइट मात्र आम्लाला मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. आणि भिजवण्याच्या द्रवाचे काम धूळ दाबण्याचे असते, तंतू नष्ट करण्याचे नव्हे. भिजवून काढलेले लॅगिंग ॲसबेस्टॉसचाच कचरा राहते आणि ते ओले असतानाच हवाबंद, खूण केलेल्या पिशव्यांत भरावे लागते. या लेबलावर विसंबून कोणी ते साध्या कचऱ्यात टाकले असते, तर त्या कचऱ्याला हात लावणारी माणसेही धोक्यात आली असती.

आम्ही पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने आमच्यापुढे त्याचेच बिल ठेवले. त्यावर मालाचे वर्णन ‘औद्योगिक सफाई द्रव’ असे होते. ॲसबेस्टॉसचा उल्लेख नव्हता, पाण्यात मिसळण्याचे प्रमाण नव्हते की पृष्ठताणाचा आकडा नव्हता. सफाई द्रव मागितला, सफाई द्रव दिला, असे त्याने शांतपणे सांगितले. त्याचे ते ‘सर्व प्रकारांवर चालतो’ हे लेखी उत्तर जपून ठेवलेले असल्यामुळेच आमच्या तक्रारीला काही आधार उरला आहे. पुढच्या खरेदीच्या आदेशात आम्ही अमोसाइटचे नाव, मिसळण्याचे प्रमाण आणि तयार द्रवाच्या पृष्ठताणाची कमाल मर्यादा लिहून घातली. ते वाचल्यावर दोन विक्रेत्यांनी दरपत्रकच पाठवले नाही.