हॅलोविनला मुलांना कुठे न्यायचं: हर्शीपार्क की सिक्स फ्लॅग्ज?

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. गरब्यात दोन शनिवार गेलेले असतात, दिवाळीचा फराळ डोक्यावर असतो आणि उरलेल्या एका शनिवारी मुलांना हॅलोविनची मजा दाखवायची असते. एडिसनहून जॅक्सनचं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर हे मनोरंजन पार्क पाऊण तासावर, तर पेनसिल्व्हेनियातलं हर्शीपार्क अडीच तासांवर. बहुतेक जण अंतर आणि रोलर कोस्टर बघून ठरवतात. मी आणखी एक गोष्ट बघायला सांगेन: तिथे जाहिरात कोण करतंय आणि तिचा पैसा कुठे जातो. दिवसभर मुलांच्या डोळ्यांसमोर तीच असणार आहे.

सिक्स फ्लॅग्जमध्ये नावं दोन दिशांनी येतात. बॅटमॅन, सुपरमॅन, जोकर ही नावं पार्कने वॉर्नर या चित्रपट कंपनीकडून परवान्यावर घेतलेली, म्हणजे त्यांच्यासाठी पार्क पैसे मोजतं. शीतपेयाच्या किंवा चॉकलेटच्या कंपनीची पाटी दिसते तेव्हा उलटं असतं, ती कंपनी पार्कला पैसे देते. त्यांचा हॅलोविनचा कार्यक्रम, ‘फ्राइट फेस्ट’, मागच्या दशकात कित्येक वर्षं ‘स्निकर्स प्रस्तुत’ म्हणून होत असे. हॅलोविन म्हणजे अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांच्या खपाचा हंगाम, त्यामुळे चॉकलेटवाल्याला याहून चांगला मांडव कुठे मिळणार? शाळेच्या दिवसांत ओस पडणारं पार्कही ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी भरून जातं.

अशा कार्यक्रमाची बातमी व्हावी म्हणून काय काय करतात बघा. २०१८ मध्ये सिक्स फ्लॅग्जच्या सेंट लुइसच्या पार्कात लोकांना शवपेटीत तीस तास झोपून राहण्याचं आव्हान दिलं होतं. देशभरच्या बातम्यांत ते झळकलं. त्या प्रसिद्धीला पैसे पडले असते तर किती पडले असते, विचार करा.

हर्शीपार्कचं सगळं वेगळंच आहे. तिथे प्रायोजक बाहेरून येत नाही, गावच त्याच्या नावाचं आहे. मिल्टन हर्शी यांनी १९०६ मध्ये आपल्या चॉकलेट कारखान्याच्या कामगारांसाठी ही बाग काढली. चॉकलेट अ‍ॅव्हेन्यूवरचे रस्त्याचे दिवे किसेस चॉकलेटच्या आकाराचे आहेत, एक चांदीत गुंडाळलेला, पुढचा उघडा. २०२० मध्ये आलेला कँडीमोनियम हा २१० फुटी रोलर कोस्टर, त्याच्या तीन गाड्यासुद्धा किसेस, रीसेस पीसेस आणि ट्विझलर्स या हर्शीच्याच चॉकलेट-गोळ्यांच्या रूपात. म्हणजे तुम्ही जाहिरातीतच बसता.

सगळ्यांत हुशारीची जागा मात्र उंची मोजायच्या फळ्यापाशी आहे. मुलांच्या उंचीचे गट तिथे इंचांऐवजी चॉकलेट-गोळ्यांच्या नावांनी ओळखले जातात. माझी लेक आधीच्या वर्षी ‘किसेस’ होती. पुढच्या खेपेला टाचा टेकवून, मान ताठ करून उभी राहिली आणि ओरडली, “आई, मी रीसेस झाले!” परतीच्या वाटेवर आजीला फोन, तोही याच बातमीचा. मला तिचा आनंद खरा वाटला आणि त्याच क्षणी काळजीही वाटली. वाढल्याचा आनंद एका कंपनीच्या गोळीच्या नावाने तिच्या मनात बसला होता. पाटीवरची जाहिरात मूल विसरून जातं, ही विसरणार नाही.

तरीही मी हर्शीपार्कच्या बाजूला झुकते, आणि त्याचं कारण पैशाचा रस्ता. पार्क चालवणारी हर्शी एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्स ही चॉकलेट कंपनीपेक्षा वेगळी कंपनी आहे. तिची मालकी ज्या विश्वस्त निधीकडे आहे, तो १९०९ मध्ये हर्शी दांपत्याने सुरू केलेल्या शाळेसाठी आहे. गरीब घरांतली मुलं तिथे फुकट राहतात आणि शिकतात. स्वतःला मूलबाळ नसलेल्या त्या माणसाने १९१८ मध्ये आपली बहुतेक सगळी संपत्ती त्या शाळेच्या नावे केली. तुमच्या तिकिटाचा नफा शेवटी तिकडे पोचतो. सिक्स फ्लॅग्ज ही शेअर बाजारातली कंपनी, २०२४ मध्ये सीडर फेअर या दुसऱ्या पार्क कंपनीशी एक झालेली. तिथला नफा भागधारकांचा. त्यात गैर काही नाही, पण माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील तर मात्र सरळ जॅक्सनला जा. नायट्रो आणि लाकडी एल टोरो या रोलर कोस्टरची बरोबरी त्यांना दुसऱ्या कशाने वाटणार नाही. किंगडा का हा तिथला रोलर कोस्टर आता नाही, तो २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोटाने पाडला. फ्राइट फेस्टची भुतं संध्याकाळी रस्त्यावर उतरतात. सहा-सात वर्षांचं मूल बरोबर असेल तर त्याआधी बाहेर पडायची तयारी ठेवा. भूतघरांचं तिकीट वेगळं असतं, ते आधीच हिशोबात धरा. हर्शीपार्कमध्येही मोठ्यांसाठी ‘डार्क नाइट्स’ची भूतघरं वेगळ्या पैशांची, पण तिथल्या हॅलोविनचा मूळ सूर लहानांचा आहे.

भारतातून आजी-आजोबा आले असतील तर प्रश्नच मिटला. हर्शीपार्कमध्ये १९१९ सालचं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे, नातवाच्या शेजारच्या घोड्यावर आजोबा निवांत बसू शकतात. पार्काच्या फाटकाबाहेरच्या चॉकलेट वर्ल्डमधली सफर फुकट आहे: गाणाऱ्या गायी, कोको भाजण्याच्या बोगद्यातली अंगावर येणारी ऊब, शेवटी हातात एक चॉकलेट, आणि बाहेर पडताना समोर भलंमोठं दुकान.

ही सफर सकाळी करा, पार्कात शिरण्याआधी. दिवसाच्या शेवटी मुलं दमलेली असतात, तुम्हीही दमलेले असता, आणि त्या दुकानात “नाही” म्हणायला अंगात जोर लागतो.