स्की हरवू नये म्हणून: फीत, टॅग, लीश की नुसता ब्रेक?

स्की विकत घेताना आपण तिची लांबी, रुंदी, बुटाचा ताठपणा, गॉगलची काच यावर रात्र-रात्र वाचत बसतो. हीच स्की उद्या बर्फात गडप झाली तर शोधायची कशी, हा प्रश्न मात्र ती गडप झाल्यावरच पडतो. मलाही तेव्हाच पडला होता.

मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ होता. वळताना एका स्कीचं टोक कशाला तरी अडलं, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, सुटलं आणि मी दोन कोलांट्या खाऊन खाली येऊन थांबले. गॉगलवरचा बर्फ पुसून पाहिलं तर एका पायात स्की, दुसरा बूट मोकळा. जिथे पडले तिथे हातांनी उकरायला लागले. वीस मिनिटं उकरलं, घामाने आतले कपडे भिजले, बोटं बधिर झाली. शेवटी सोबतची मैत्रीण वर चढून गेली, माझ्या वळणाची खूण जिथे तुटली होती तिथे उभी राहिली आणि काठी उलटी धरून बर्फात खुपसू लागली. थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज आला. मी उकरत होते त्या जागेच्या चांगली पाच-सहा मीटर वर ती स्की निवांत आडवी पडली होती, हातभर बर्फाखाली.

त्यानंतर मी हे सगळे उपाय वापरून पाहिले. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सामान हरवण्याच्या जागा तीन: उतारावरचा बर्फ, हॉटेलाबाहेरचा किंवा लिफ्टजवळचा रॅक, आणि विमानप्रवास. एकाच उपायाने तिन्ही ठिकाणी काम भागत नाही. दुकानदार मात्र तसं भासवतात.

ब्रेकवर किती भिस्त ठेवायची?

ब्रेक म्हणजे बाइंडिंगला असलेले दोन दांडे. ते बूट सुटताच खाली येतात आणि बर्फात रुततात. आधीच्या काळी स्की पायाला पट्ट्याने बांधलेली असे. 1970च्या दशकात ब्रेक रुळले आणि पट्टे मागे पडले. यंत्राने दाबलेल्या कडक उतारावर ब्रेक आपलं काम चोख करतो. तो मुळात आहेच त्यासाठी: सुटलेली स्की सुसाट खाली जाऊन कुणाच्या पायात घुसू नये म्हणून. स्की शोधून देणं हे त्याचं काम नाही. खोल, हलक्या बर्फात त्या दांड्यांना रुतायला घट्ट असं काही मिळतच नाही. स्की माशासारखी पृष्ठभागाखाली सरकते, आणि वरून काहीही दिसत नाही. तुम्ही दाबलेल्या उतारांवरच फिरणार असाल तर ब्रेक पुरेसा आहे, बाकी काही घेऊ नका. बाजूच्या अस्पर्श बर्फात उतरायची हौस असेल तरच पुढचं वाचा.

फीत विरुद्ध टॅग

खरी निवड इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

फीत म्हणजे भडक रंगाची, दीड-दोन मीटर लांबीची साधी पट्टी. एक टोक बाइंडिंगच्या मागच्या भागाला बांधायचं, बाकीची घडी-घडी करून पँटच्या खालच्या लवचिक झालरीत खोचायची. स्की सुटली की फीत ओढली जाऊन उलगडते आणि बर्फावर लाल-केशरी शेपटी राहते. ती धरायची, स्की वर. दुसरं टोक बुटाला किंवा पायाला बांधायचं नाही, ते मोकळंच हवं. अनेक नवखे इथेच चुकतात. बांधलं की ती फीत राहत नाही, लीश होते, आणि लीशचे धोके मी पुढे सांगते आहे.

टॅग म्हणजे बटणाएवढ्या सेलवर चालणारा ब्लूटूथचा छोटा ट्रॅकर. ॲपलचा असा ट्रॅकर, एअरटॅग, 2021 साली आला आणि स्कीला तो चिकटवण्याचे डबे मिळू लागले. लोकांचा समज असा की त्यात जीपीएस असतं. नसतं. टॅग फक्त ‘मी इथे आहे’ असं हळू आवाजात पुटपुटत राहतो, आणि जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनने ते ऐकलं तर जागा नकाशावर उमटते. गर्दीच्या ठिकाणी हे झकास चालतं. ओसाड उतारावर ऐकणारा फोन एकच असतो, तुमचा.

मग तुमच्याच फोनने शोधायचं म्हटलं तर? कोरड्या, थंड बर्फात बरीचशी हवाच असते, त्यामुळे थोडाफार सिग्नल बाहेर येतो. ओला, जड बर्फ मात्र वाईट, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. स्कीच्या आत धातूचा थर असेल आणि टॅग खालच्या बाजूने दबला असेल तर आणखी अडचण. एअरटॅगची उणे 20 अंशांपर्यंतची मर्यादा निर्मात्यानेच दिली आहे, आणि बटण-सेल थंडीत तसाही मलूल होतो. त्यात फोन! हातमोजा काढून, ओल्या बोटांनी, तीस टक्क्यांवरून अचानक बंद पडणाऱ्या फोनवर बाणाची दिशा बघत चालणं हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी मुद्दाम स्की पुरून पाहिली होती. ताज्या बर्फात दोन-तीन मीटरवर आल्यावर बाण उमटला, ओल्या बर्फात जवळजवळ डोक्यावर उभी राहीपर्यंत काही नाही.

त्यामुळे बर्फासाठी माझं मत पक्कं आहे: फीत घ्या. तिला सेल लागत नाही, फोन लागत नाही, आणि सोबतच्या कुणालाही ती दिसते. तिची उणीव एवढीच की सकाळी खोचायला विसरलात तर ती नसल्यासारखीच. आणि लिफ्टवर बसताना लोंबणारी फीत कशात अडकणार नाही हे बघावं लागतं. रात्री ती वाळवा. ओल्या फितीचा सकाळी गोठून दगड झालेला असतो आणि मग ती उलगडतच नाही.

टॅग चिकटवायचाच असेल तर आदल्या दिवशी, घरातल्या उबेत, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून चिकटवा. पार्किंगमध्ये गारठ्यात चिकटवलेला टॅग दुपारपर्यंत गळून पडतो. त्याची जागा बाइंडिंगच्या मागे, वरच्या बाजूला.

इथे दोन उपाय मोडीत काढते, कारण ते सुचवणारे भेटतात. पहिला: ‘हिमस्खलनाचा जुना ट्रान्सीव्हर स्कीलाच बांधून टाक.’ हे कधीही करू नका. ट्रान्सीव्हर म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून अंगावर बांधायचं यंत्र, आणि ती सगळी यंत्रं एकाच, 457 किलोहर्ट्झच्या लहरीवर बोलतात. दुर्दैवाने स्खलन झालं तर वाचवणारे तुमच्या स्कीच्या मागे लागतील आणि माणूस खाली गुदमरत राहील. दुसरा: ‘जॅकेटमध्ये रेको आहे ना, स्कीलाही लाव.’ रेको म्हणजे गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून कपड्यांत बसवलेली छोटी चकती. ती स्वतः काही पाठवत नाही, बचाव पथकाकडच्या यंत्राने टाकलेली लहर फक्त परतवते. ते यंत्र तुमच्याकडे नसतं. ही कल्पना ज्यांना सुचली त्या मॅग्नस ग्रानहेड यांनी 1973 साली स्वीडनमधल्या ओरे इथे स्खलनानंतर स्कीच्या काठ्यांनी माणसं शोधली होती. ती सोय माणसांसाठी आहे, तिला माणसांसाठीच राहू द्या.

टॅग आणि ट्रान्सीव्हर जवळजवळही ठेवू नका. कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण ट्रान्सीव्हर पाठवत असताना 20 सेंटीमीटर आणि शोधत असताना 50 सेंटीमीटर लांब हवं, असा सर्वसाधारण दंडक आहे. छातीच्या खिशात किल्ल्यांना अडकवलेला टॅग हा तिथे नको असलेला पाहुणा.

लीश: फक्त काही जणांसाठी

लीश म्हणजे स्की बुटाला बांधून ठेवणारी दोरी. हलक्या पिन-बाइंडिंगवर (बुटाचं टोक दोन पिनांत धरणाऱ्या) डोंगर चढणारे लोक वजन वाचवायला ब्रेकऐवजी ती लावतात. हिमनदीवर, जिथे सुटलेली स्की भेगेत गेली की कायमची गेली, तिथे मला लीशच पटते. पण कोलांट्या खाताना बांधलेली स्की गरगर फिरून डोक्याला-चेहऱ्याला लागते, आणि स्खलनात तीच तुम्हाला नांगरासारखी खाली ओढते. म्हणून ठरावीक ताणाला तुटणारा दुवा असलेली लीशच घ्या, आणि स्खलनाचा धोका असलेल्या उतारावर तीही सोडून द्या. स्नोबोर्डवाल्यांचं गणित वेगळं, त्यांचं बाइंडिंग पडताना सुटत नाही. त्यांचा बोर्ड निसटतो तो बहुधा पट्टे बांधता-सोडताना. त्या क्षणापुरती छोटी लीश पुरते.

शोधायचं कसं

काहीही लावलं नसेल तरी हे लक्षात असू द्या. पडल्यावर जागेवरून हलू नका आणि आजूबाजूचा बर्फ तुडवू नका. आपण घसरत खाली येतो, स्की मात्र बहुतेक वेळा सुटली तिथेच, म्हणजे आपल्या वर राहते. शेवटची स्पष्ट खूण शोधा, तिथे काठी रोवा आणि तिथून खाली यायला लागा. हरवलेली स्की साधारण उताराच्या दिशेने पडलेली असते, म्हणून उताराला आडव्या रेघा ओढायच्या, उरलेल्या स्कीच्या शेपटीने, एक-दीड फुटाच्या अंतराने. काठी खुपसायची तर उलटी, मुठीची बाजू खाली. टोकाकडची चकती बर्फात शिरू देत नाही. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसायची लांब घडीची सळई, असेल तर उत्तमच. आणि सुरू करतानाच वेळ ठरवा. उजेड, थंडी, वरचा उतार यांच्यापेक्षा कुठलीही स्की मोठी नाही. एका स्कीवर आडवं घसरत खाली येता येतं. सापडली नाही तर जागेचा फोटो काढून, नकाशावर खूण करून गस्तीपथकाला सांगा. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा पथकांना कितीतरी सामान मिळतं, पण मालक कळला तरच ते परत जातं. स्कीवर नाव आणि फोन नंबर लिहायला पाच मिनिटं लागतात.

रॅकवर आणि विमानात

इथे मात्र टॅग जिंकतो.

रॅकवरून गेलेली स्की दर वेळी चोरीलाच गेलेली नसते. भाड्याच्या एकसारख्या जोड्यांमध्ये कुणीतरी चुकून दुसऱ्याची उचलतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला पत्ताही नसतो. टॅगने ती कुठल्या इमारतीत आहे ते कळतं. चोराविरुद्ध त्याचा उपयोग कमी होत चालला आहे, कारण अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय अशी सूचना 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर मिळते. माणसांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. चोरीवर जुनी युक्ती जास्त चालते: मित्राशी एकेक स्की अदलाबदल करून दोन विजोड जोड्या दोन रॅकवर ठेवायच्या. घाईतला चोर विजोड जोडी उचलत नाही.

विमानात बूट कायम हातातल्या बॅगेत ठेवा. स्की भाड्याने मिळते, पायाला बसलेला बूट मिळत नाही. गरम हातमोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच न्याव्या लागतात. स्कीच्या बॅगेत टॅग टाका आणि बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. माझी बॅग एकदा दुसऱ्याच शहरात उतरली होती. काउंटरवरचा माणूस ‘शोधतोय’ म्हणत होता आणि माझ्या फोनवर ती कुठल्या विमानतळावर आहे ते दिसत होतं. ते दाखवल्यावर त्याने तिकडे फोन लावला, दुसऱ्या दिवशी बॅग आली.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक देशांत 1999चा मॉन्ट्रियल करार लागू आहे. मोडतोड झाली असेल तर सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशीर झाला असेल तर 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. 21 दिवसांत सामान आलंच नाही तर ते हरवलं असं धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून दर प्रवाशाला 1,519 एसडीआर आहे, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी चलनात. नवी स्की, बाइंडिंग, हेल्मेट, कपडे सगळं धरून ती पुरत नसेल तर चेक-इनच्या वेळी जास्त किमतीची घोषणा करून वेगळे पैसे भरता येतात, किंवा विमा काढावा. दोन्हींसाठी पावत्या आणि स्कीवरच्या अनुक्रमांकाचा फोटो आधीच फोनमध्ये असू द्या.

हातमोजे आणि लिफ्ट

सर्वांत जास्त हरवतात ते हातमोजे, आणि त्यांच्यावर टॅग लावणं मला उधळपट्टी वाटते. मनगटाला अडकणारी दोरी असलेलेच घ्या. तरीही चेअरलिफ्टवरून एखादा खाली पडलाच तर घाबरून खाली वाकू नका. पुढे येणाऱ्या खांबाकडे बघा, त्यावर मोठ्या आकड्यात क्रमांक असतो. ‘खांब 11 आणि 12च्या मध्ये, वर जाताना उजव्या हाताला, झाडापाशी’ एवढं वरच्या लिफ्टवाल्याला सांगितलं की पथकातलं कुणीतरी खाली येताना तो उचलून आणू शकतं. बंद जागेभोवतीची दोरी ओलांडून स्वतः आणायला जाऊ नका. लिफ्टखालची जागा बऱ्याचदा बंद ठेवलेली असते ती खडकांमुळे.